न बिघडलेली गाडी

मी लिहावे अशी माझी योग्यता नाही, हे आधीच सांगतो. तरीही आपला वेळ घेतो आहे, याबद्दल क्षमा असावी. आयुष्यभर केजमध्ये कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवले. फळ्यावर लिहिले, प्रश्नपत्रिका काढल्या. त्यापलीकडे चार ओळी कधी लिहिल्या नाहीत. आता या वयात लिहायला बसलो आहे ते हौसेने नव्हे. एक गोष्ट आहे, जी मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. पत्नीलाही नाही. बोलून सांगायला गेलो की मी विषयच बदलतो. लिहिताना निदान समोरच्याचा चेहरा दिसत नाही. हा भित्रेपणाच आहे. पण भित्रेपणाबद्दलच सांगायचे आहे, तेव्हा सुरुवात तिथूनच झालेली बरी.

निवृत्तीनंतर मी एक जुनी पेट्रोल गाडी घेतली. चालवायला शिकलो तेही उशिराच. गाडी बिघडली की गॅरेजवर जायचे, चार माणसांत उभे राहायचे, आणि 'काय झालंय?' या प्रश्नाला काहीतरी उत्तर द्यायचे — याचाच मला संकोच. म्हणून गाडीसोबत आलेली पुस्तिका वाचली, फोनवरची चित्रे पाहिली, आणि हळूहळू एकट्यानेच समजून घेत गेलो. बॅटरीच्या टोकांवर पांढरी भुकटी साचते; ती गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून वर थोडे व्हॅसलिन लावायचे. चावी फिरवल्यावर नुसती टकटक होत असेल तर बॅटरी उतरलेली असते. इंजिन नीट फिरते पण पेटत नाही, याचा अर्थ ठिणगी तरी पोहोचत नाही किंवा पेट्रोल तरी. मांजरसुंब्याच्या घाटात तापमानाचा काटा चढू लागला तर एसी बंद करून हीटर लावायचा, कडेला थांबायचे, आणि रेडिएटरचे झाकण निवेपर्यंत मुळीच उघडायचे नाही.

यात विशेष काही नाही; कुणालाही जमेल. पण आमच्या गल्लीत त्याचे नाव झाले. 'सरांना दाखवा,' असे लोक म्हणू लागले. कुणाचा पट्टा किंचाळतो, कुणाचा ब्रेक दाबल्यावर खरखरतो — मी ऐकून सांगायचो आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघायचे. वर्गात ज्याचा आवाज तिसऱ्या बाकापलीकडे गेला नाही, त्या माणसाला हे किती गोड वाटले असेल? फार गोड वाटले. तेही कबूल करतो.

मात्र आमच्याकडे गाडी एकट्या माणसाची नसते. बारसे असो, सोयरीक असो, तहसीलचे काम असो की कुणाची मयत-माती असो — निरोप येतो, 'गाडी घेऊन या.' म्हणजे गाडीही आणा आणि तुम्हीही या. त्यात विनंती नसते आणि आज्ञाही नसते. गाडी असलेल्या माणसाने यायचे असते, एवढेच. मला नाही म्हणता येत नाही. कधीच आले नाही. अनोळखी अंगणात, पाहुण्यांच्या गराड्यात कुठे बसावे हे न कळता दिवस काढायचा, आणि रात्री कुणाला तरी घरी सोडून परत यायचे. मी थकत गेलो.

मग एके दिवशी खरोखरच बॅटरी उतरली, आणि मला कुठेही जावे लागले नाही. त्या दिवशी नाही म्हणाली ती गाडी. मला म्हणावे लागले नाही. आपल्याला ही युक्ती किती उशिरा सुचली, असे वाटले.

इंजिनाशेजारी काळ्या डब्यात काही रिले असतात. त्यातला एक पेट्रोलच्या पंपाला वीज देतो — काडेपेटीहून लहान, काळा, चौकोनी. तो उपटून काढला की इंजिन फिरत राहते, पेटत मात्र नाही. बाहेरून काहीही दिसत नाही. नको असलेला निरोप आला की मी तो काढून चष्म्याच्या डबीत ठेवीत असे आणि डबी खिशात. ज्या विद्येने लोकांच्या गाड्या चालू करून दिल्या, तिनेच मी माझी बंद करीत गेलो. कुणाला शंका आली नाही. सरांनाच सापडत नाही म्हणजे बिघाड मोठा असणार, असेच सगळे म्हणत.

आता त्या सकाळबद्दल. इतका वेळ तिच्याभोवती फिरतो आहे, हे आपल्या लक्षात आले असेलच.

वैशाखाचे दिवस, ऐन लग्नसराई. पत्नी मुलाकडे पुण्याला गेली होती. तिचे चुलतभाऊ बाळासाहेब — गावाकडे मोठी शेती, त्याहून मोठे राजकारण — यांच्या घरचे लग्न होते, आणि बस्त्यासाठी, म्हणजे लग्नाच्या कापडखरेदीसाठी, बीडला बायकामाणसांना नेण्याचे काम माझ्याकडे आले होते. त्यांच्या स्वतःच्या गाड्या पाहुण्यांमागे फिरत होत्या. मी आदल्या संध्याकाळीच रिले काढून ठेवला होता. सकाळी पाहुण्यांना आणायला निघालेली गाडी बाळासाहेबांना दोघा-तिघांसह गल्लीत सोडून गेली तेव्हा मी बॉनेट उघडून, बाह्या सरसावून उभा होतो. त्यांनी एकदा गाडीकडे पाहिले, एकदा माझ्याकडे.

"दाजी, तुमची गाडी लई शहाणी हाय. बस्ता म्हणलं की बसती."

दोघे-तिघे हसले. मीही हसलो. खिशातली डबी छातीला लागत होती.

एवढ्यात शेजारच्या महानंदावहिनी फाटकाशी आल्या. त्यांचे यजमान शिवाप्पा किराणा दुकान चालवतात. ते त्या दिवशी मालासाठी लातूरला गेले होते. वहिनींच्या हातात पिशवी होती, पदर कसातरी खोचलेला. चौसाळ्याहून, माहेरून फोन आला होता. आई गेली. उन्हाळ्यामुळे फार वेळ ठेवता येणार नव्हते. त्यांच्यात जाळत नाहीत, बसवून पुरतात; मातीत बसवण्यापूर्वी लेकीने आईच्या कपाळाला शेवटची विभूती लावायची, असा त्यांच्या घरचा रिवाज. त्या चौकात नांदूरघाटची जीप धरायलाच निघाल्या होत्या. तिथून पुढे दुसरी जीप करून चौसाळा. वाटेत माझी गाडी बाहेर उभी दिसली, म्हणून थांबल्या.

बाळासाहेबांनी ऐकले आणि त्यांचा आवाजच बदलला. "बस्ता राहू द्या, दाजी. आधी बाईला पोचवा."

इथे मी काय म्हणायला हवे होते? 'गाडी बंद आहे, वहिनी, तुम्ही जीपने जा' — निदान एवढे. खोटे तर खोटे, पण त्या खोट्याने त्यांना जीप मिळाली असती. मी म्हणालो, "थांबा, बघतो."

मी चावी फिरवली. इंजिन फिरले, पेटले नाही. अर्थातच. बाळासाहेबांनी धक्का मारू म्हटले. धक्क्याने काहीही होणार नाही, हे तिथे फक्त मला ठाऊक होते. मी बॉनेट खाली केले, स्टिअरिंगपाशी बसलो आणि माणसांनी गाडी ढकलायला सुरुवात केली. आरशात पाहिले तर वहिनीही ढकलत होत्या. पिशवी कोपराला अडकवलेली, दोन्ही तळवे काचेवर टेकलेले. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. खाली रस्त्याकडे बघत, सगळा जीव लावून ढकलत होत्या.

तेवढ्यात चौकातून नांदूरघाटची जीप आली. शेजारून जाताना ड्रायव्हरने वेग कमी केला आणि विचारले, कुणी येणार आहे का. वहिनींनी माझ्याकडे पाहिले. मी खिडकीतून हात बाहेर काढला आणि खूण केली — होईल, होईल चालू.

ही खूण मी का केली? त्या क्षणी मला खरेच वाटले, की आता उतरायचे, बॉनेटमध्ये वाकायचे, मुठीत धरून तो रिले जागेवर बसवायचा. कुणाला दिसलेही नसते. मी तसे ठरवले होते — शपथेवर सांगतो. पण माझ्या शपथेला किती किंमत द्यायची, ते आपण ठरवा. जीप गेली. आणखी थोडे ढकलून माणसे दमली. दुसरे काही मिळते का ते बघायला बाळासाहेब वहिनींना घेऊन चौकात गेले, त्यांच्यामागे बाकीचेही. जाताना ते फोनवर कुणाकुणाला विचारीत होते. सगळ्या गाड्या लग्नाला लागलेल्या.

मी एकटा राहिलो. बॉनेट हाताशी होते आणि खिशात डबी होती. गल्लीत कुणीही नव्हते.

आजवर मी स्वतःला सांगत आलो, की मी लाजेने गोठलो. इतक्या माणसांनी ढकलूनही न पेटलेली गाडी एकाएकी कशी चालू झाली, याचे उत्तर माझ्याकडे नव्हते, म्हणून. पण ते खरे नाही. उत्तर होते. 'वायर सैल होती' — एवढे म्हटले असते तरी सगळ्यांनी मान डोलावली असती. मी म्हटलेले ते नेहमीच मानत. खरे कारण वेगळे आहे, आणि ते इतके लहान आहे की लिहायला हात धजत नाही. मला कंटाळा आला होता. ते ऊन, तो रस्ता, गाडीत शेजारी होणारे रडणे, ते परके अंगण, तिथे दिवसभर उभे राहणे. मी पायरीवर बसलो आणि मनाशी म्हणालो, मिळेल त्यांना जीप. बस्स. एवढेच म्हणालो आणि बसून राहिलो.

जीप मिळाली. पण सीट भरल्याशिवाय ती हलत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. नांदूरघाटला पुन्हा तेच. वहिनी पोहोचल्या तेव्हा माती झाली होती. त्यांनी विभूती लावली ती ओल्या मातीला.

संध्याकाळी मी रिले बसवला. गाडी पहिल्या फेऱ्यात चालू झाली. मी दचकून बंद केली. शेजारी तो आवाज ऐकायला कुणी नव्हते, तरीही.

पुढचे विधी उरकल्यावर वहिनींना आणायला मीच चौसाळ्याला गेलो. शिवाप्पांनी विचारले आणि मी लगेच हो म्हणालो. तिथे ओसरीवर चहा आला. वहिनींचे थोरले भाऊ, विश्वनाथआप्पा, समोर बसले होते. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. तसे झाले असते तर कदाचित सोपे गेले असते.

"घरापुढून जीप गेली, तरी ही बसली न्हाई," ते मला सांगत होते, पण बघत होते बहिणीकडे. "शेजाऱ्याच्या गाडीतून मिरवत यायचं व्हतं. आई बसली वाट बघत."

वहिनी खाली बघत राहिल्या. 'सरांनी थांबा म्हटले,' असेही त्या म्हणाल्या नाहीत. मी कप हातात धरला होता. एक वाक्य बोलायचे होते, आणि ते बोलायला जगात फक्त मीच होतो. मी चहा संपवला. चहा चांगला झाला होता, हेही आठवते.

परतताना नांदूरघाट मागे पडल्यावर त्या मागच्या सीटवरून म्हणाल्या, "सर, मनाला लावून घिऊ नका. तुमी लई खटपट केली. यंत्राला काय कळतंय, कुणाची आई गेली ते."

मी आरसा थोडा वर केला.

त्यानंतर मी तो रिले पुन्हा कधी काढला नाही. याला पश्चात्ताप म्हणू नये, धाक म्हणावे. कुणाचाही निरोप आला की जातो. सर आता कुणाला नाही म्हणत नाहीत, मोठ्या मनाचे आहेत, असे गल्लीत बोलले जाते. बोलणाऱ्यांत महानंदावहिनी पुढे असतात. आणि विश्वनाथआप्पांनी बहिणीशी बोलणे सोडले ते सोडलेच. दिवाळीला माहेरून कुणी येत नाही. मधल्या वर्षांत त्या घरी एक बारसे झाले, वास्तुशांत झाली. यांना निरोप आला नाही. हे सगळे मी कुंपणापलीकडून पाहत आलो. पाहत आलो, एवढेच.

आता या उन्हाळ्यात आप्पांच्या मुलीचे लग्न आहे. पत्रिका आलेली नाही. काल दुपारी वहिनी आमच्या ओट्यावर आल्या. पत्नी आत होती. त्यांना माझ्याशीच बोलायचे होते. बोलावले नाही तरी जावे का, असे त्यांनी विचारले. मी शिकलेला माणूस, म्हणून. मग म्हणाल्या,

"आईच्या वक्ताला माजं काय चुकलं, सर? तुमी तर व्हता तिथं. भावाला कावून कळंना झालंय?"

मी म्हणालो, "तुमचं काहीही चुकलं नाही." त्या थांबल्या होत्या. पुढे काही येईल, असे त्यांना वाटले असावे. मी म्हणालो, उद्या सांगतो. 'उद्या' म्हणजे आज. सकाळपासून हे लिहितो आहे. आता ऊन उतरू लागले आहे. खिडकीतून त्यांचे दार दिसते. उघडे आहे. त्या उंबऱ्याशी बसून काहीतरी निवडत आहेत.

सांगितले तर भावाबहिणीचे तुटलेले जुळेल की नाही, मला माहीत नाही. इतक्या वर्षांनी त्या माझ्याकडे कशा बघतील, ते मात्र माहीत आहे. आणि हे पान लिहून झाल्यावरही माझे पाय जागचे हललेले नाहीत, हे आपल्यापासून लपवून उपयोग नाही.

आपण माझ्या जागी असता, तर आता उठून त्या दारी गेला असता का?