जज स्टिकनी यांचे स्वतःविरुद्धचे मत

केंटकीतल्या आमच्या कोर्टात मी सव्वीस वर्षे कारकून होतो. जज बार्नबस स्टिकनी यांच्याविषयी माझ्यापेक्षा चांगले लिहिणारे पुष्कळ असतील. पण ती निवडणूक त्यांच्यापैकी कोणी माझ्या खुर्चीवरून पाहिलेली नाही.

जजसाहेबांना दोन्ही बाजू ऐकायची सवय होती. घरी कोंबडी भाजायची की उकडायची, यावरही ते दोन्हीकडचे मुद्दे मांडत. तोवर त्यांच्या पत्नी थिओडोशियाबाई ती भाजून मोकळ्या होत. न्यायासन सोडून ते विधानसभेला उभे राहिले, तेव्हाही सभेत पहिला अर्धा तास प्रतिस्पर्धी लायसँडर पोग याचीच बाजू मांडत. ती इतकी छान मांडत, की पुढच्या गावी पोग तेच भाषण करी.

त्या काळी मत तोंडाने, सगळ्यांदेखत द्यावे लागे. मी ते वहीत लिहून घेई आणि समोर बसलेला उमेदवार मतदाराचे आभार मानी. सभ्य उमेदवाराने आपले मत प्रतिस्पर्ध्याला द्यायचे, अशीही रीत होती. पोगने मात्र सकाळीच खणखणीत आवाजात स्वतःला मत दिले.

संध्याकाळी जजसाहेबांना २१२, पोगला २११. राहिलो दोघेच: जजसाहेब आणि मी.

"पोगला मत दिलंत, तर आज जेवायलाही त्याच्याकडेच जा," बाई म्हणाल्या.

"अगं, त्याने रीत मोडली म्हणून मीही मोडू?"

"त्याने रीत मोडली, तुम्ही संसार मोडताय!"

लोक खो-खो हसले. जजसाहेब उठले आणि म्हणाले, "मिस्टर पोग."

बरोबरी झाली. शेरिफ माझ्याकडे वळला. "काय क्विन्सी, चारशे चोवीस मतं लिहिलीत, आता एक बोला."

मी वहीत नाव लिहून दाखवले.

"लिहून चालत नाही!" पोग ओरडला.

दोनदा खाकरून मी कसाबसा म्हणालो, "जज स्टिकनी."

टोप्या उडाल्या. जजसाहेबांनी आता आभार मानायचे. पण त्यांनी हात वर केला. "थांबा. क्विन्सी, तुमच्यावर कोणाचा दबाव तर नाही ना?"

बाई माझ्या खुर्चीमागेच उभ्या होत्या. त्यांच्या छत्रीचे टोक माझ्या बरगडीत रुतले होते.

"नाही, साहेब."

"शपथेवर?"

सव्वीस वर्षे मी इतरांना शपथा देत आलो होतो.

"शपथेवर," मी म्हणालो, आणि छत्री दूर झाली.

जजसाहेबांनी माझे आभार मानले. मग वळून पोगचेही मानले.