वाटीएवढं पोट, दिवसभर तोंड

वजन कमी करायचं ऑपरेशन करून मी हिंगोलीला परतले तेव्हा माझं वजन एकशे सोळा किलो होतं आणि पोट वाटीएवढं. दीड वर्षात चाळीस किलो उतरले. पुसेगावच्या ज्या शाळेत मी गणित शिकवते, तिथं माझा भाव एकदम वधारला. मधल्या सुट्टीत मी चार चमचे वरणभात खाऊन डबा बंद करायची, आणि तो सगळ्यांना दिसेल असाच करायची.

भाकरी दोन घासांतच छातीत अडायची. पण चहात बुडवलेलं बिस्कीट कुठंच अडत नाही, हा शोध मला तिसऱ्या वर्षी लागला. मग पर्समध्ये बिस्किटं, घरी टेबलाच्या खणात बिस्किटं. तासातासाला एक. याला मी खाणं म्हणतच नव्हते. खाणं म्हणजे ताट वाढून बसणं. वजन वाढायला लागलं तेव्हा मी काटा उचलून न्हाणीघरापासून देवघरापर्यंत सगळ्या फरश्यांवर ठेवून पाहिला. फरशी कुठलीही असो, आकडा तोच. अकरा किलो परत आले होते.

त्याच दिवसांत महिला मेळाव्यात मला बोलायला बोलावलं. विषय होता, जिभेवर ताबा. घाबरल्यामुळे जाताना मी रिक्षात पेढे खाल्ले. भाषणाच्या तिसऱ्या वाक्याला दरदरून घाम फुटला, काळीज धडधडायला लागलं, डोळ्यांपुढं अंधारी आली. या ऑपरेशननंतर एकदम गोड खाल्लं की असं होतं, हे डॉक्टरांनी बजावलेलं होतं. मला मंडपामागं सतरंजीवर निजवलं. आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी उशाशी बसून पदरानं वारा घालू लागल्या. माझ्या निऱ्यांवरचा पेढ्याचा चुरा त्यांनी झटकला.

"बाई, किती खाल्ले?"

"एक."

"एकानं असं होत न्हाई."

"चार."

त्यांनी पदराचा वारा थांबवला. मग हळूच म्हणाल्या, "चोरून काहून खाता? तुमाला कोन मारून राहिलं का?"

मला रडू आलं. बाहेर माझ्या जागी दुसऱ्या बाई जिभेवर ताबा ठेवायला सांगत होत्या.

संध्याकाळी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. ते म्हणाले, "खण मी कधीच पाहिला होता. तू सांगशील म्हणून थांबलो." पुढच्या तपासणीला ते सोबत आले. मी डॉक्टरांना नेहमीसारखं "फक्त वरणभात" म्हणणार होते, पण शेजारी साक्षीदार बसलेला. खरं बोलले. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "ऑपरेशन पोटाचं झालं, सवयीचं नाही." त्यांनी मला एका समुपदेशक बाईंकडं पाठवलं. लहानपणापासून पाहुण्यांसमोर कमी आणि स्वयंपाकघरात उभ्यानं जास्त खात आले, हे तिथं बोलता बोलता मलाच कळलं.

आता मी दिवसातून पाच वेळा थोडं थोडं, ताट घेऊन, बसून खाते. अकरातले चार किलो गेले. बाकीचे सात अजून मुक्कामाला आहेत.

परवा बसस्टँडवर शेवेचा पुडा घेतला. फोडला, दोन मुठी खाल्ल्या आणि नवऱ्याला फोन केला.

ते म्हणाले, "बरं. उरलेली घरी आण, बसून खाऊ."

घरी पोचेपर्यंत पुड्यात मूठभरच उरली होती. ती मी बशीत काढली आणि मधोमध ठेवली.