फाइलचं एक्केचाळिसावं पान

"सर, एक्केचाळीस नंबरच्या पानावर काय आहे?"

ज्योत्स्नाचा फोन. ती गिरणाऱ्याला, वडिलांच्या मळ्यात होती. मागे पिकअपमध्ये टोमॅटोचे क्रेट आदळल्याचा आवाज. ऑस्ट्रेलियाच्या व्हिसा ऑफिसातून तिला मेल आला होता: दुपारी तीनला फोनवर मुलाखत, आणि पान एक्केचाळीसबद्दल खुलासा हवा.

मी कॉम्प्युटरवर तिची फाइल उघडली. पान बघितलं. मग उठून केबिनचं दार लावून घेतलं.

माझा धंदा सांगतो. नाशिकच्या कॉलेज रोडवरून मी पंधरा वर्षं मुलांना परदेशी शिकायला पाठवतोय. आम्हाला कन्सल्टंट म्हणतात. स्टुडंट व्हिसा देताना अधिकारी मुख्य एक गोष्ट बघतो: हा खरंच शिकायला येतोय, की शिक्षणाच्या नावाखाली मुक्कामाला? म्हणून अर्जासोबतच्या निवेदनात, म्हणजे एसओपीत, आम्ही मायदेशाच्या ओढीचा एक परिच्छेद घालतो. तो इतका जमलाय की वाचून माझेच डोळे भरून येतात. वेटिंग रूममध्ये फोटो मात्र परत न आलेल्यांचे लावलेत.

आईवडिलांसाठी वेगळा कागद असतो. पॉइंट शीट. वयाचे इतके गुण, इंग्रजीचे इतके, पदवीचे इतके. मग अमुक वर्षी पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, आणि तमुक वर्षी नागरिकत्व. हा कागद चहाबरोबर दाखवायचा आणि परत ड्रॉवरमध्ये टाकायचा. मी तो ज्योत्स्नाच्या फाइलला जोडून व्हिसा ऑफिसला पाठवला होता. 'नागरिकत्व: सातवं वर्ष' या ओळीभोवती लाल पेनाने गोल केलेला. स्कॅनिंग मी स्वतः करतो. स्टाफवर माझा विश्वास नाही.

खरं तर या मुलीने मला फार थोडं काम दिलं होतं. एम.एस्सी. झालेली, पीएचडीचा प्रवेश आणि स्कॉलरशिप स्वतःच मिळवून आलेली. त्यांच्या मळ्यात एक रोग येतो. टोमॅटो पिकतो तो लाल-पिवळ्या चट्ट्यांचा, आणि व्यापारी त्याला हात लावत नाही. तो रोग येतो कुठून, हे तिला शोधायचं होतं. शहाण्या माणसाने गुपचूप फॉर्म भरला असता. मी सल्ला दिला.

"मॅडम, पीएचडीत चार वर्षं जातील. त्यापेक्षा दोन वर्षांचा कुकरीचा डिप्लोमा करा. पीआर लवकर."

"सर, भाजी मला करता येते. भाजीला काय होतं ते कळत नाही."

माझा मायदेशाचा परिच्छेदही तिने एसओपीतून काढून टाकला. तिच्या वडिलांना, आबांना, मात्र माझं म्हणणं पटलं होतं. "एम.एस्सी. झाली तरी टमाटेच निवडू राहिली," ते म्हणाले. "शिकून काय भलं झालं? तिकडची नागरिक झाली तर सुटंल तरी." लाल गोल त्यांच्यासाठीच होता. त्या गोलाच्या भरवशावर ते मुलीला सोडायला तयार झाले होते. म्हणजे आता तिने अधिकाऱ्याला पटवलं तर बाप बिघडणार, आणि बापाला सांभाळलं तर व्हिसा जाणार. हे सगळं मी एका स्टेपलर पिनमध्ये जमवून आणलं होतं.

दोन वाजता दोघं मोटारसायकलवरून ऑफिसात आले. माझा प्लॅन तयार होता.

"सांगायचं, हे पान चुकून दुसऱ्याच्या फाइलमधलं आलं."

"वर माझं नाव आहे, सर."

"नाव सारखं आहे म्हणायचं."

"आणि जन्मतारीख?"

प्लॅन संपला.

तीनला फोन वाजला. स्पीकरवर एक शांत आवाजाची बाई. मुलाखतीत कन्सल्टंटने तोंड उघडायचं नसतं, आणि आबांना इंग्रजी येत नाही. त्यांनी माझ्यापुढे कागद सरकवला. "ती काय बोलू राहिली ते मराठीत लिहा."

पानाचा विषय लगेच निघाला. माझ्याकडे न बघता ज्योत्स्ना म्हणाली, "तो कागद माझ्या कन्सल्टंटनी माझ्या वडिलांना पटवण्यासाठी केलाय."

माझं पेन थांबलं. आबांनी कोपराने ढोसलं. लिहिलं.

"तुम्ही तिथेच राहावं अशी वडिलांची इच्छा आहे?"

"हो. उन्हात आयुष्य काढलेला माणूस मुलीसाठी सावलीच मागणार. पण चार वर्षांनंतर मी कुठे असेन ते मला आज माहीत नाही, म्हणून खोटं लिहून दिलं नाही. आमच्याकडे रोगट झाड दिसलं की वडील उपटतात आणि मला विचारतात, हे का झालं? दोन पदव्या घेतल्या, उत्तर येत नाही. त्यासाठी मला तुमच्याकडची लॅब हवी आहे."

हेही लिहिलं. आबांनी ते दोनदा वाचलं.

मग बाईंनी रोगाबद्दल विचारलं आणि ज्योत्स्ना सुटली. वीस मिनिटं. विषाणू, बियाणं, किडे. माझं भाषांतर 'कुठला तरी किडा' इथे येऊन अडकलं. आबांनी पेन काढून घेतलं आणि कुजबुजले, "एफिड म्हंजे मावा. थ्रिप्स म्हंजे फुलकिडे. औषधाच्या बाटलीवर असतं." पुढचं सगळं ते स्वतःच ऐकत होते, मान हलवत. त्या खोलीत काही न समजणारा मी एकटाच.

फोन ठेवल्यावर ते मुलीला म्हणाले, "माझाच सवाल घेऊन चालली तू. मंग घरी का नाय बोलली?"

"रोज बोलते, आबा. तुम्ही म्हणता, आधी नागरिक हो."

आबांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. मग माझ्याकडे वळले. "साहेब, ते सातव्या वर्षाचं राहू द्या. तिला तिच्या कामाला जाऊ द्या. अन् ते कुकरीचं तुम्हीच करून घ्या."

तिसऱ्या आठवड्यात व्हिसा आला. ज्योत्स्ना आता तिथे दुसऱ्या वर्षाला आहे. रोगाचं कोडं अजून सुटलेलं नाही, पण दोन किडे निर्दोष ठरलेत. ही बातमी मला आबांनी फोन करून दिली, नातू झाल्यासारखी. नागरिकत्वाचा विषय त्यांनी काढला नाही. मीही नाही.

पंधरा वर्षांत मी मुलांना कुठे जायचंय आणि किती लवकर, एवढंच विचारत आलो. कशासाठी, हे एका मुलीने न विचारता सांगितलं, तर तिला कुकरी सुचवली. आता पहिल्याच भेटीत विचारतो. बरेच जण म्हणतात, घरी विचार करून सांगतो. त्यातले निम्मे परत येत नाहीत.