पडद्यामागचा मोर

आमच्या घरमालकीणबाईंच्या धाकट्या चिरंजीवांना गावच्या जत्रेत रेकॉर्ड डान्स करायचा होता. नाच येत नव्हता, पण ती किरकोळ बाब. अडलं होतं कोटावर. त्या साली गाजलेल्या पिक्चरमधला हीरो ज्या कोटात नाचतो तस्साच कोट पाहिजे, "डिट्टो". आणि तो शिवायचा मी, कारण घरात शिलाई मशीन होतं आणि भाडेकरू म्हणून मी होते. दोन्ही वस्तू घराबरोबरच आलेल्या, अशी त्यांची समजूत.

सातवीतून शाळा सुटली, लग्न झालं आणि खानदेशातून मी थेट मुळशीत येऊन पडले. नवरा पिरंगुटच्या कारखान्यात. कुठली माणसं, काय माणसं, म्हणून कुणी खोली देईना, तेव्हा ह्याच घरमालकीण मावशींनी दिली. वर त्यांच्या सासूचं पडून असलेलं मशीन माझ्यापुढे सरकवलं. त्या उपकाराखाली मी इतकी वाकलेले, की मशीनवर ताठ बसायचीसुद्धा भीती वाटे. त्यात मावशींचा भाचा लग्न ठरल्यापासून आमच्याच खोलीवर डोळा ठेवून होता. "कोट जमला तर ऱ्हावा बाई खुशाल," मावशी म्हणाल्या, "न्हाईतर भाच्याची तरी सोय हुईल." हे त्या हसून म्हणाल्या. मला काही हसू आलं नाही.

तर कोट. पिक्चर बघून मला झाले होते कैक महिने. आठवत होता तो छातीवरचा जरीचा मोर, बाकी सगळं धूसर. चिरंजीव पुरावे घेऊन आले. पहिला पुरावा पिरंगुटच्या स्टँडवरचं पोस्टर. त्यात कोट लालभडक. पण हीरोचा घोडाही लाल होता, व्हिलनचे डोळेही लाल होते आणि हिरॉइनचे केससुद्धा जरा तांबूसच. दुसरा पुरावा गाण्यांचं पुस्तक. त्यात हीरो अंगठ्याएवढा आणि कोट निळा. शाई फुटल्यामुळे हीरोही निळा. तिसरा पुरावा बाजारातल्या कापडवाल्या चाचांच्या दुकानातलं कॅलेंडर. त्यात कोट गुलाबी. मोर मात्र तिन्हींत कुठं हाताआड, कुठं हिरॉइनआड.

"पोस्टरच्या नादी लागू नका, ताई," चाचा म्हणाले. "रंगाऱ्याचा जो डबा उघडा, तोच हीरोचा रंग. कॅलेंडर म्हणजे फोटो. फोटो खोटं बोलत नाही." आणि त्यांनी गुलाबी मखमलीचा तागा फळीवरून ओढला. त्यावर बोटभर धूळ होती. गावात गुलाबी मखमल कुणी घेत नव्हतं, आणि फोटो नेमका तिच्याच बाजूनं साक्ष देत होता!

नशीब माझं, पौडला तंबूतलं थेटर आलं आणि तोच पिक्चर लागला. मावशी, चिरंजीव आणि मी, तिघंही गेलो. पडदा तंबूच्या मधोमध. प्रोजेक्टरच्या बाजूला पुरुष, पलीकडे पडद्याच्या मागं बायका. पुरुषांनी पिक्चर सोडून बायकांकडे बघू नये म्हणून ही व्यवस्था. कापड पातळ, त्यामुळं आम्हांलाही सगळं दिसे.

रीळ इतकं झिजलेलं, की सगळी दुनिया पिवळसर. कोटही पिवळा. पण मी हिरॉइनचे दात पाहिले. ते कोटाइतकेच पिवळे होते. एवढ्या मोठ्या नटीचे दात काही खरेच पिवळे नसणार. म्हणजे कोट पांढरा. चाचांना पुण्याहून पांढरी मखमल मागवावी लागली. गुलाबी तागा परत फळीवर गेला आणि चाचा चार दिवस माझ्याशी तुटक बोलले.

आता मोर. मखमलीवर सुई एकदा गेली की भोक राहतं, उसवून उपयोग नाही. तेव्हा बाजू पक्की हवी.

"मोर उजवीकडं हुता," मावशी म्हणाल्या.

"आये, डावीकडं हुता!" चिरंजीव.

"तू निम्मा पिक्चर भाईर शेंगा खात हुतास. मी समदा बगितला."

कुंपणावरून शेजारणींना विचारलं. सगळ्या म्हणाल्या, उजवीकडं. पारावरच्या पुरुषांना विचारलं. सगळे म्हणाले, डावीकडं. निवडणुकीतही गावात इतके स्वच्छ दोन पक्ष पडले नव्हते. मीही स्वतःच्या डोळ्यांनी उजवीकडंच पाहिला होता, आणि खोली मावशींची होती. उजवीकडं खडूनं मोर काढला. सुईत जरीचा दोरा ओवला.

मावशी शेजारी तांदूळ निवडत बसल्या होत्या. "दिसायला लई ग्वाड हाय त्यो," त्या हीरोबद्दल म्हणाल्या, "पर वळण न्हाई. डाव्या हातानं जेवतोय. आईनं कदी हातावर चापट मारली न्हाई."

माझी सुई मखमलीच्या वरच थांबली. पडद्यावर त्याला तसं जेवताना मीही पाहिलं होतं. आणि इन्स्पेक्टरनं सलाम डाव्या हातानं ठोकला होता, म्हातारीनं ओवाळलंही डाव्या हातानं. सुरुवातीला नावं आली तीही उलटी होती. पण ती वाचणाऱ्यांसाठी असतात, म्हणून आमच्या बाजूला कुणी मनावर घेतलं नव्हतं.

आता हे मावशींना सांगायचं कसं? दोरीवर त्यांचीच पोपटांची वॉयलची साडी वाळत होती.

"मावशी, पोपटाचं तोंड कुणीकडं?"

"गोठ्याकडं."

त्यांना दोरीच्या पलीकडे नेलं. "आता?"

"गोठ्याकडंच की! जागचा हललाय व्हय त्यो?"

"तसं नाही. तुमच्या कुठल्या हाताकडं?"

त्यांनी हात पाहिला. पुन्हा अलीकडे आल्या, हात पाहिला. असं तीनदा झालं.

"म्हंजी," त्या हळू म्हणाल्या, "आमी बायांनी आजवर समदे पिक्चर उलटे बगितले?"

"नाही तसं, म्हणजे पिक्चर सरळच असतो, पण..."

"व्हय का न्हाई ते सांग!"

"व्हय," मी म्हणाले. मनातल्या मनात भांडीकुंडी पोत्यात भरली.

मावशींनी साडीचा पदर पुन्हा एकदा उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाल्या, "तर मग त्यो उजव्या हातानं जेवतोय."

"हो."

"चांगल्या घरचा हाय म्हंजी. घे, डावीकडं घे मोर."

खडू झटकला. मोर डावीकडं बसला.

जत्रेच्या दिवशी चिरंजीव स्टेजवर आले आणि बायकांत हलकल्लोळ झाला. "मोर चुकला गं! शिवणारीला डोळं हायेत का न्हाईत?" मावशी उठून उभ्या राहिल्या. "तुमी मागनं बगितलाय!" त्या ओरडल्या. मागनं कसं, काय मागनं, पोपटाचा काय संबंध, असं भांडण इतकं पेटलं, की चिरंजीव नाचले कसे हे कुणी पाहिलंच नाही. तेही एक बरंच झालं.

त्याच गर्दीत भाचा पुढं सरकला. "आत्या, खोलीचं कसं करतीस? पुढल्या म्हैन्यात लगीन हाय माजं."

"खोली भरलीय," मावशी त्याच्याकडं न बघताच म्हणाल्या. "हिला घालवली, तर ह्या बायांना समजावायचं कुनी? तू?"