रविवारची खरखर

नवा फोन घेतला की लोक "छान आहे" म्हणून आपापल्या घरी जातात. बिघडलेला फोन मात्र माणसं जमवतो. एकाला सांगावं तर तो दुसऱ्याला घेऊन येतो, दुसरा आपला टेस्टर विसरून जातो, तो न्यायला तिसरा येतो, आणि प्रत्येक जण जाताना एकेक किस्सा मागे ठेवून जातो. फोन आहे तसाच राहतो. चंदीगडमध्ये आमची आठ-दहा मराठी घरं आहेत. कुणी फौजेतलं, कुणी इस्पितळातलं, कुणी माझ्यासारखं विद्यापीठात भूगोल शिकवणारं. गेल्या दीड वर्षात या सगळ्यांनी मिळून माझ्या लँडलाइनवर उपचार केले. त्यातलं निम्मं मी वाढवून सांगतो, असं आमची ही म्हणते. कुठलं निम्मं, ते तिलाही सांगता येत नाही.

आधी रोगी कोण ते सांगतो. पंधरा सेक्टरमधल्या आमच्या घरात, जेवणाच्या टेबलामागे, एक करड्या रंगाचा जुना फोन आहे. तो एकाच कामासाठी ठेवलाय. दर रविवारी सकाळी साडेनऊला अंबाजोगाईहून माझी आई त्यावर फोन करते. आई ब्याऐंशी वर्षांची, एकटी. तिला मोबाइल दिला होता. तो तिनं पुसून, बंद करून, स्टीलच्या डब्यात ठेवलाय. का, तर वापरून झिजेल. मी माझ्या मोबाइलवरून तिच्या घरच्या फोनवर लावला, तर "मोबाइलचे पैसे जातात" म्हणून लगेच ठेवून देते.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात आई न्हाणीत पाय घसरून पडली आणि दोन तास तशीच पडून राहिली. दुधाची पिशवी दारातच दिसली म्हणून शेजारच्या कुसुमताईंनी आत डोकावलं, तेव्हा कळलं. तेव्हापासून माझा तिला एकच प्रश्न आहे: इकडे राहायला येतेस का? मी रजा काढून गेलो, समोर बसून विचारलं. तिनं चार दिवस मला धपाटे खाऊ घातले आणि निघताना बसस्टँडवर म्हणाली, "विचार करून फोनवर सांगते."

मी परत आलो आणि त्याच महिन्यात फोनमध्ये खरखर सुरू झाली. साधीसुधी नव्हे. तापल्या तेलात ओली मेथी टाकावी तशी. मी विचारायचो, "आई, येतेस ना?" तिकडून उत्तर यायचं. त्यातलं मला फक्त "तर मग" एवढंच ऐकू यायचं. दीड वर्ष मी त्या "तर मग"वर काढलंय.

*

पहिली गोष्ट म्हणजे तक्रार. नियम असा की तक्रार बिघडलेल्या फोनवरूनच करायची.

पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, आपके फोन में बहुत शोर है।"

मी म्हणालो, "जी, यही शिकायत है।"

तिनं विचारलं, "क्या शिकायत है?"

असं सात मिनिटं चाललं. शेवटी तिनं मला सल्ला दिला की लाइन स्वच्छ असेल तेव्हा फोन करा. दुसऱ्या दिवशी मी मोबाइलवरून तक्रार नोंदवली. चार दिवसांनी त्यांनी खातरजमा करायला लँडलाइनवर फोन केला आणि काम झालं का, असं बहुतेक विचारलं. बहुतेक अशासाठी की ऐकू काहीच आलं नाही. मी घसा फोडून "नहीं हुआ" म्हणालो. पाच मिनिटांत मोबाइलवर मेसेज: ग्राहक समाधानी, तक्रार बंद.

*

मग कर्नल साळुंखे आले. साताऱ्याचा माणूस, तीन वर्षांच्या पोस्टिंगवर इथे. फौजेत सगळा जन्म तारा टाकण्यात गेलेला. मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी सातला टॉर्च आणि वही घेऊन दारात हजर.

त्यांची पद्धत अशी की संशयित एकेक करून बाजूला काढायचे आणि दर वेळी रिसीव्हर कानाला लावून पाहायचं. बेडरूममधला जोडफोन काढला. खरखर. राउटर काढला. खरखर. मग इन्व्हर्टर बंद, पंख्यांचे रेग्युलेटर बंद, ट्यूबलाइट बंद, फ्रिज बंद. आम्ही बंद पंख्याखाली घाम पुसत ओळीनं उभे. आमची जुई, वय अठरा, तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत येतं. ती म्हणाली, "अंकल, वाय-फाय कब आएगा?"

कर्नल म्हणाले, "युद्ध संपल्यावर."

शेवटी त्यांनी रस्त्यावरची तार जिथे घरात शिरते ती भिंतीवरची डबी उघडली, घरातल्या सगळ्या तारा सोडवल्या आणि थेट तिथेच एक फोन जोडला. तीच मेथी. त्यांनी रिसीव्हर ठेवला, हात झटकले आणि निकाल दिला, "घर निर्दोष आहे. शत्रू बाहेर आहे."

दीड वर्षात झालेलं हे पहिलं अचूक निदान. पण फ्रिज परत सुरू करायचं कुणालाच सुचलं नाही. रविवारी कर्नलसाहेबांना जेवायला बोलावलं होतं, त्यासाठी केलेलं दोन किलो श्रीखंड त्या लढाईत कामी आलं.

*

मनीमाजऱ्याच्या बाजारात जुने फोन विकणारा एक लालाजी आहे. त्याला मी सगळी कहाणी सांगितली. त्यानं ढिगातून एक लाल फोन काढला आणि छातीवर हात ठेवून सांगितलं की यात खरखर आली तर परत आणा. घरी येऊन जोडला. खरखर नाही. डायल टोनही नाही. आईही नाही. काहीच नाही!

परत नेला, तर तो दुखावला. म्हणाला, "शोर तो गया न जी?"

*

डॉक्टर वैशंपायन म्हणजे आमच्या टोळक्यातल्या कानाच्या डॉक्टर. बाईंचं म्हणणं, खरखर फोनमधून येते की तुमच्यातून, हे आधी ठरवा. त्यांनी मला आवाजबंद खोलीत बसवलं, कानांना हेडफोन लावले आणि टिंग ऐकू आलं की बटण दाबा म्हणाल्या. मी मन लावून बटण दाबलं. काही ठिकाणी टिंग नसतानाही दाबलं, पेपर कोरा सोडायचा नाही या जुन्या सवयीनं.

निकाल असा की माझा डावा कान बारीक आवाजांना कच्चा. "फोन उजव्या कानाला लावत जा," त्या म्हणाल्या. मी सांगितलं, जन्मभर उजव्यालाच लावतोय. त्यांनी कागद उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, "मग फोनच बिघडलाय."

एक तक्रार घेऊन गेलो होतो, दोन घेऊन परतलो. तेव्हापासून मी ओ दिली नाही की आमची ही विचारते, "डाव्या बाजूनं बोलले का मी?"

*

मोहालीच्या नॉलेज सिटीत गोखले नावाचा आमचा एक मित्र आहे, भौतिकशास्त्रज्ञ. त्यानं एक यंत्र आणून लाइनला लावलं. पडद्यावर हिरवी रेघ थयथयाट करू लागली. गोखले वीस मिनिटं पडद्याला नाक लावून बसला. दुर्धर आजाराची बातमी कशी सांगावी याची तो जुळवाजुळव करतोय, असं मला वाटलं. मग तो हळूच म्हणाला, "अरे, ही साधी खरखर नाही. फार देखणी आहे."

तो एक रेकॉर्ड करणारी पेटी ठेवून गेला. दोन महिन्यांनी मी त्याला आनंदानं कळवलं की अखेर लाइनमन येतोय. तो हादरलाच. "तीन आठवडे कुणाला हात लावू देऊ नकोस. माझ्या विद्यार्थिनीचा डेटा अपुरा आहे."

मी म्हणालो, "गोखल्या, त्या खरखरीत माझ्या आईचं उत्तर आहे रे."

तो तितक्याच गंभीरपणे म्हणाला, "हो, मध्येमध्ये कुणीतरी बोलतं खरं. ते आम्ही गाळून टाकतो."

*

लाइनमन गुरमेलजी. रिटायर व्हायला सहा महिने उरलेले. त्यांनी खांबाखाली उभं राहून आपला टेस्टिंगचा फोन तारेला लावला, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "नमी है जी।" वरच्या पेटीतल्या जोडात ओल शिरली होती. माझे डोळे भरून आले. वर्षभरात पहिल्यांदा कुणीतरी रोगाचं नाव घेतलं होतं.

गुरमेलजी शिडीवर चढले, पेटी उघडली आणि तसेच खाली उतरले. आत मैनेनं घरटं केलं होतं. तीन पिल्लं, डोळे न उघडलेली. गुरमेलजींनी हात जोडले. "पंद्रह-बीस दिन दे दो जी, बच्चे उड़ जाएँ।"

त्या रविवारी मी आईला ओरडून मैनेची हकिगत सांगितली. पुढच्या रविवारी रिसीव्हर उचलला तर मेथी तडतडत होतीच. त्यातूनही तिचं पहिलं वाक्य आलं, "उडाली का पिल्लं?" मी म्हणालो, अजून नाही, आणि तू येतेस का ते सांग. तिकडून आलं, "तर मग."

पिल्लं उडाली. गुरमेलजींनी सोमवारी जोड नवा केला. मंगळवारी लाइन इतकी स्वच्छ होती की मी नुसतीच डायल टोन ऐकत बसलो. हिनं चहा तिथेच आणून दिला. मी रविवारची वाट पाहिली नाही, लगेच अंबाजोगाईला फोन लावला. कुसुमताईंनी उचलला. आई चार दिवस देवदर्शनाला गेली होती. शनिवारी आमच्या गल्लीत रस्ता खोदला आणि खांबासकट लाइन गेली.

*

त्यानंतर गुरमेलजी रिटायर झाले. निरोप घ्यायला घरी आले, चहा घेतला आणि सांगून गेले की आता तारेच्या नादी लागू नका, फायबर घ्या. "ताँबा गया जी। अब काँच का ज़माना है।"

घेतलं. नंबर तोच, फोन तोच करडा, फक्त भिंतीतून तांब्याच्या तारेऐवजी केसाएवढी काच आली. दरम्यान आम्ही खालची खोली तयार केली होती. बाथरूमच्या भिंतीला धरायला दांडा बसवला, फरशीवर खरबरीत लादी घातली. हिनं खिडकीत तुळस आणून ठेवली. कर्नलसाहेबांनी दांड्याला स्वतः लोंबकळून पाहिलं.

रविवार. साडेनऊ. फोन वाजला.

"कोण, बाळू का?" आई म्हणाली. जणू शेजारच्या खुर्चीत बसून बोलावं, तसा आवाज. दीड वर्षात मी तिचा श्वास ऐकला नव्हता, तो ऐकू आला. तिच्या भिंतीवरचं घड्याळ ऐकू आलं. बाहेर कुणीतरी बादली ठेवली, तीही. मी विचारलं, "आई, नीट ऐकू येतंय ना?"

"येतंय की. अगदी लख्ख यायलंय."

इकडे स्वयंपाकघरात ही जुईला दबक्या आवाजात दटावत होती की सकाळपासून मोबाइल हातातून सुटलेला नाही. मला उजव्या कानानंसुद्धा ते धड ऐकू आलं नाही. आई म्हणाली, "सुनबाईला सांग, पोरीला बोलू नकोस म्हणावं. रविवार आहे."

मग तिनं विचारलं, थंडी पडली का. जुई जेवते का. मला खोकला झालाय का, घसा बसल्यासारखा वाटतोय. गोखल्याच्या मुलीचं लग्न ठरलं का. सगळं तिला ऐकू येत होतं, सगळं मला ऐकू येत होतं. ही दारात येऊन उभी राहिली. मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"आई," मी म्हणालो, "खालची खोली तयार आहे. न्हाणीत धरायला दांडा बसवलाय. मी स्वतः न्यायला येतो. येतेस ना इकडे राहायला?"

घड्याळ वाजत होतं. टक. टक. टक. मी मोजली नाहीत, पण पुष्कळ झाली.

"काय रे?" आई म्हणाली. "काही ऐकू येईना गेलंय. खरखर लई यायलीय बघ. ठेवते."

आणि तिनं रिसीव्हर अगदी अलगद ठेवला. तोही आवाज स्वच्छ आला.