मानेशी मऊ

बुधवारी सकाळी वसंतराव गेले. रविवारी त्यांची मुलगी अस्थी घेऊन पुण्याला परतली, आणि जपानमधल्या त्सुकुबातलं त्यांचं भाड्याचं घर रिकामं करायचं काम नितीन, समीर आणि मी, आम्हा तिघा शेजाऱ्यांकडे आलं.

वसंतराव फळांचे संशोधक. जीव एका नाशपातीवर, ला फ्रान्सवर. जुनी फ्रेंच जात. तिकडे आता जवळजवळ कुणी लावत नाही, टिकली ती जपानात. वेडीवाकडी, हिरवट, अंगभर तपकिरी डाग. "इथल्या शेतकऱ्यांनीही आधी ती दुसऱ्या झाडांना पराग मिळावा म्हणूनच लावली. हिचं तोंड बघून कोण खाणार!" असं ते सांगत. झाडावरून उतरवताना ती कडक असते. पिकते घरात, दोन-तीन आठवड्यांनी, आणि पिकली तरी रंग फारसा बदलत नाही. मागच्या वर्षी त्यांनी दिलेली मी त्याच संध्याकाळी चावली. कच्च्या बटाट्यासारखी लागली, टाकून दिली. दुसऱ्या दिवशी म्हणालो, "छान होती, काका."

"काल दिलेली? खोटं बोलतोस, लेका!" ते खूप हसले. मग माझा अंगठा धरून एका फळाच्या देठाशी टेकवला. "रंगावर जाऊ नकोस. इथे, मानेशी मऊ लागली की खायची." ती खाल्ली तेव्हा रस कोपरापर्यंत ओघळला. गर लोण्यासारखा होता...

मंगळवारी त्यांच्या खिडकीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली चार फळं होती. एकाचा कागद उघडून नितीनने नाक दाबलं. "शी! सडलीत रे. टाक. पण कागद वेगळा काढ हं, समोरच्या बाई बघतायत." कचरा वेगळा करण्यात आम्ही आता चोख आहोत. मी कागद सोडवले. पहिल्याच फळाच्या मानेशी अंगठा रुतला, गोड वास आला. मला कळलं. सडलेली नाहीत, एवढंच म्हणायचं होतं... कचऱ्याची गाडी यायची वेळ झाली होती. चारही फळं मी जळाऊ कचऱ्याच्या पिशवीत टाकली आणि गाठ मारली.

ते कागद घरी आणून रद्दी बांधताना त्यांवर काकांचं पेन्सिलीचं अक्षर दिसलं. नितीन. समीर. माझं नाव. चौथ्यावर 'मी'. प्रत्येकाखाली लिहिलं होतं, 'सोमवारनंतर'.

शोकसभेत मी म्हणालो, आम्ही त्यांचं घर अगदी मनापासून आवरलं. लोकांनी माना डोलावल्या. माझ्याच आवाजाची मला किळस आली, अजून येते. ती गाठ मारणाऱ्या हातांचीही.

चार कागद माझ्याकडे आहेत. रद्दीत दिलेले नाहीत.