आखाजीला आलेली अनोळखी व्यक्ती

आमच्या घरातला सगळ्यात शहाणा प्राणी सध्या टीव्हीशेजारच्या फळीवर बसतो. तळहातावर मावेल एवढी गोल डबी आहे. तिला नुसतं सांगितलं की दिवा लागतो, पंखा फिरतो, टीव्हीवर कीर्तन सुरू होतं. निदान तसं ठरलं होतं.

ही डबी आणि तिचं सगळं खटलं मुलाने होळीच्या सुट्टीत पुण्याहून आणलं. 'बाबा, तुम्ही दोघंच असता, मला काळजी वाटते,' म्हणाला. काळजी वाटली की पूर्वी मुलं घरी यायची, आता खोकी येतात. दोन दिवस तो स्टुलावर चढून भिंतींना भोकं पाडत होता आणि मी खाली उभा राहून स्क्रू पुरवत होतो. मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. विद्युतधारेचा धडा तर मला झोपेतही म्हणता येतो. त्यामुळे 'मला कळत नाही' असं म्हणायची सोय नव्हती. मी प्रत्येक गोष्टीला मान डोलावली आणि फसलो.

पहिला बळी गेला बायकोच्या बोटांचा. समोरच्या दाराला असं कुलूप बसलं, ज्याला किल्ली नाही. बोट टेकवा किंवा चेहरा दाखवा, दार उघडतं. माझं बोट त्याने लगेच घेतलं. बायकोचं घेईना. तिने दहाही बोटं टेकवून पाहिली, पदराला पुसून पुन्हा टेकवली, कुलूप आपलं लालच. चाळीस वर्षं भाकरी थापून आणि भांडी घासून बोटांवरच्या रेषा राहिल्यात कुठे? रेशनच्या दुकानातही तिचं हेच होतं. 'म्हणजे ज्याने काम केलं नाही त्यालाच घरात घेतंय का हे?' ती म्हणाली आणि माझ्या बोटांकडे पाहिलं. मुलाने घाईघाईने तिचा चेहरा भरून घेतला.

डबीशी तिचं जमलंच नाही. ती माहेरच्या बोलीत गोडीने सांगायची, 'ए माय, पंखा लाव वं.' डबी म्हणायची, 'माफ करा, मला ते समजलं नाही.' असं चार वेळा झालं की बायको उठून भिंतीवरचं बटण दाबायची. मला म्हणाली, 'तुम्हीपण इतकी वर्षं हेच करत आलात. फक्त माफी मागत नव्हता.'

मी मात्र हट्टाला पेटलो होतो. वीज गेली की आमचं शहाणपण जायचं आणि इंटरनेट गेलं की वीज असूनही आम्ही अंधारात. तरी मी कॉलनीतल्या एकेकाला बोलावून चहा पाजत होतो आणि पलंगावर पडल्या पडल्या गीझर कसा लागतो ते दाखवत होतो. भर चैत्रात, जळगावात, गीझर. सगळे चहा पिऊन, माना डोलावून गेले.

सगळ्यात मोठा तमाशा दारावरच्या घंटेचा. तिला डोळा आहे. दारात कोणी आलं की ती चेहरा पाहते. यादीतला असेल तर दार उघडतं, नसेल तर माझ्या फोनवर संदेश येतो: 'तुमच्या दारात अनोळखी व्यक्ती आहे.' घंटा वाजवूनही कोणी दार उघडलं नाही, तर दारातलं चित्र थेट पुण्याला मुलाच्या फोनवर जातं आणि तिथे बसून तो दाराशी आलेल्याशी बोलू शकतो. आता ज्याने कोणी हा डोळा बनवला, त्याने आमच्याकडचा उन्हाळा पाहिलेला नसावा. एप्रिल लागला की अख्खं जळगाव तोंड बांधून फिरतं. उपरणं, ओढणी, टॉवेल, जे हाताला लागेल ते. नुसते डोळे दिसतात, त्यावरही पुष्कळांचा गॉगल. त्यामुळे दूधवाला अनोळखी, पेपरवाला अनोळखी, देवळातून आलेली बायको अनोळखी. एकदा मी स्वतः दुकानातून दही घेऊन दारात उभा राहिलो, तर खिशातला फोन वाजला की दारात अनोळखी व्यक्ती आहे. मी दचकून मागे वळून पाहिलं. कोणी नव्हतं. मग उपरणं सोडलं, तेव्हा मला माझ्या घरात प्रवेश मिळाला.

इथे शहाण्या माणसाने धडा घेतला असता. मी घेतला नाही.

आता अक्काबद्दल सांगतो. अक्का माझी मोठी बहीण, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. शिंदखेड्याला दिलेली आहे. आई-बाप गेले, गावचं घर विकलं, तेव्हापासून माझं जळगावचं घर हेच तिचं माहेर, दुसरं नाही. वर्षातून एकदा ती येते, आखाजीला. आखाजी म्हणजे तुमची अक्षय तृतीया. बाकीच्या मुलखात त्या दिवशी सोनं घेतात, आमच्या खानदेशात लेकी माहेरी येतात. पण लेक आपली आपण उठून येत नाही. तिला मूळ लावावं लागतं, म्हणजे माहेरच्या माणसाने जाऊन तिला घेऊन यावं लागतं. भाऊ दारात उभा राहिला की मग ती पिशवी उचलणार. माझी नोकरी लागली त्या वर्षापासून मी दर आखाजीला सुरतेकडे जाणाऱ्या पॅसेंजरने शिंदखेड्याला गेलो आहे आणि तिला घेऊन आलो आहे.

या वर्षी गेलो नाही. गुडघा दुखतो असं मी सगळ्यांना सांगितलं. गुडघा दुखत होता हे खरं, पण तो दहा वर्षं दुखतोय. खरं कारण असं की मला दाराची शेखी मिरवायची होती. मुलाच्या लग्नातल्या फोटोवरून मी अक्काचा चेहरा यादीत घातला होता आणि कल्पना करत होतो, की ती येईल, दारात उभी राहील, दार आपोआप उघडेल, ती तोंडात बोट घालेल. मी फोन केला आणि सांगितलं, 'अक्का, या वेळी तू गाडीत बसून ये. आम्ही घरात असू नसू, दार तुला ओळखेल.'

'दार कसं वळखी रे माले?' ती म्हणाली. 'त्याले काय डोया शेतस?'

'आहेत,' मी म्हणालो, 'तेच तर सांगतोय.'

'मंग तू लेवाले येस नही का?'

मी गुडघ्याचं सांगितलं. ती म्हणाली, 'बरं.' अक्काचं 'बरं' ओळखायला मला साठ वर्षांचा अनुभव आहे. तरी मी ते कानाआड केलं.

आखाजीच्या आदल्या दिवशी ती संध्याकाळच्या गाडीने येईल असं धरून आम्ही दोघं दुपारी बाजारात गेलो. आखाजीला पितरांच्या नावाने पाणी भरून पुजतात ती घागर घ्यायची होती, आंबे, खरबूज घ्यायचं होतं. घागर वाजवून पाहत होतो तेवढ्यात मुलाचा फोन आला. आवाजात नुसता आनंद.

'बाबा, पाहिलंत? घरी कोणी नव्हतं आणि एक बाई तोंड बांधून दारात आली होती. गाठोडं घेऊन. दहा मिनिटं हलेना. दाराला हात लावून पाहत होती. मी इथूनच हाकललं. म्हटलं, कोण पाहिजे? काही नको, पुढे जा. गेली निमूट.'

दाराचा संदेश मला बाजाराच्या गलक्यात ऐकूच आला नव्हता. मी त्याला शाब्बास म्हणालो. म्हणालो, पैसे वसूल झाले. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण नाही, त्याने पाठवलेलं ते चित्रण मी नीट न पाहताच कॉलनीच्या ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं: 'सावध राहा. भरदुपारी अशा बाया गाठोडी घेऊन फिरत आहेत.' घरी पोहोचेपर्यंत त्यावर सतरा अंगठे आले होते. एकाने लिहिलं होतं, सरांचं घर म्हणजे किल्ला आहे. मी त्याला हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

संध्याकाळची गाडी येऊन गेली. अक्का आली नाही. मी उपरणं तोंडाला तसंच बांधून दारात येरझारा घालत होतो आणि प्रत्येक फेरीला माझा मलाच संदेश येत होता. बायको भाजी निवडता निवडता माझ्या फोनवर दुपारचं चित्रण पाहत होती. तिने एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं आणि हातातली मेथी खाली ठेवली.

'अहो,' ती म्हणाली, 'ही बाई जाताना उंबऱ्याला हात लावून पाया पडतेय. चोर काय पाया पडून जातो?'

मी चष्मा लावून पाहिलं. ऊन लागू नये म्हणून पांढऱ्या रुमालाने तोंड बांधलेली बुटकी म्हातारी. आधी ती दारासमोर उभी राहते. मग चेहरा दाखवावा तसा मान वर करून डोळ्याकडे पाहते. रुमाल सोडायला हवा हे तिला सांगितलंच कोणी? मी 'दार ओळखेल' म्हणालो होतो, म्हणून बिचारी ओळखायची वाट पाहत उभी होती. एकदा दारावरून हात फिरवते. मग घंटा दाबते. मग मुलाचा आवाज येतो: 'कोण पाहिजे? काही नको, पुढे जा.' ती दचकते. काहीतरी बोलायला तोंडावरच्या रुमालाकडे हात नेते आणि तसाच खाली घेते. आवाज तिने ओळखला असणार. या पोराच्या वेळच्या बाळंतपणात तिने तीन महिने आमच्याकडे राहून त्याला तेल लावून न्हाऊ घातलं होतं. मग ती वाकते, उंबऱ्याला हात लावते, तो कपाळाला लावते आणि गाठोडं उचलून जाते. गाठोडं गेल्या आखाजीला मीच दिलेल्या उपरण्याचं होतं. ते तरी मी ओळखायला हवं होतं.

मला रडू आलं, खोटं कशाला सांगू? मी शिंदखेड्याला फोन लावला. भाचेसुनेने उचलला. म्हणाली, 'मामा, सासूबाई आताच परत आल्यात. जेवल्या नाहीत. तुमच्याशी बोलायचं नाही म्हणतात. इतकंच म्हणाल्या की मनं माहेर गयं.'

मग मुलाला सांगितलं. तो म्हणाला, 'पण तोंड बांधलेलं होतं ना बाबा.' त्याचं चुकलं नव्हतं. ओळखीची हमी मी दिली होती. कॉलनीच्या ग्रुपवर मी लिहिलं की ती माझी सख्खी बहीण होती आणि चोर शोधायचा असेल तर तो सरांच्या घरात राहतो. त्यावर मात्र एकही अंगठा आला नाही.

आखाजीच्या सकाळी पहिल्या पॅसेंजरने निघालो. बायकोने सांगून ठेवलं, अक्का आल्याशिवाय घागर भरणार नाही आणि पितरांना काय सांगायचं ते तुम्ही सांगा. अमळनेर, नरडाणा करत शिंदखेड्याला उतरलो तोवर ऊन चढलं होतं. मीही उपरण्याने तोंड बांधलं. स्टेशनपासून अक्काचं घर बरंच लांब आहे. गुडघा त्या दिवशी खरोखर दुखला, आणि बरं वाटलं.

अक्काच्या घराचं दार दिवसभर उघडं असतं, नुसता पडदा. मी पायरीवर पाय ठेवला, एक शब्द बोललो नव्हतो. आतून तिचा आवाज आला, थेट माझ्या मुलाच्या पुणेरी मराठीत:

'कोण पाहिजे? काही नको, पुढे जा.'

मी उन्हात उभा राहिलो. शेजारची बाई ओट्यावर गहू पाखडत होती, ती सूप धरून बघायला लागली. मीही दहा मिनिटं उभं राहायचं ठरवलं होतं, तेवढं मी तिचं देणंच लागत होतो. पण अक्काला पाचही निभली नाहीत. पडदा बाजूला झाला.

'मझार ये. ऊन लागी.'

'अक्का,' मी म्हणालो, 'तोंड बांधलेलं आहे माझं. कसं ओळखलंस?'

'तुले चालाले मीच शिकाडं,' ती म्हणाली. 'तुनी चाल वळखस मी.'

मी आत जाऊन तिच्या पाया पडलो. चुकलो म्हणालो, मूळ लावायला आलोय म्हणालो. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि खूप सुनावलं. माझ्या गुडघ्यापासून सुरुवात करून माझ्या शिक्षणापर्यंत आली. मी तांब्या हातात धरून ऐकत होतो. दाराच्या मागे खाटेवर कालचं गाठोडं होतं. बिबड्यांच्या, म्हणजे ज्वारीच्या पापडांच्या, कडा उपरण्यातून वर आलेल्या दिसत होत्या. काल संध्याकाळपासून तिने त्याची गाठ सोडली नव्हती.

'आते बठू नको,' ती म्हणाली. 'गाडी जाई.'

दुपार टळता टळता आम्ही कॉलनीत शिरलो, दोघंही तोंडं बांधलेली, गाठोडं माझ्या डोक्यावर. ओट्यावर बसलेल्यांनी पाहिलं, एक-दोघं उठून उभे राहिले. आमचं दार सताड उघडं होतं. बायकोने त्याला वरवंटा लावून ठेवला होता. आम्ही पायरीशी पोहोचलो तसा खिशातला फोन वाजला. काढून पाहिला: 'तुमच्या दारात दोन अनोळखी व्यक्ती आहेत.'

'काय म्हनस ते?' अक्काने विचारलं.

मी काही सांगायच्या आत ती उंबऱ्याला हात लावून घरात गेली होती.